सोबतिणीचं मानधन

बालगृहात नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी ती सहसा रडत नाही. काम मागते. लोकांच्या घरी कामाला ठेवलेल्या मुलींचं तर हे ठरलेलंच. रात्री उशिरा पोलीसताईंबरोबर आलेली असते, बालकल्याण समितीचा आदेश अजून फायलीला लागायचा असतो, आणि पहाटे पाहावं तर ही व्हरांडा झाडतेय. कुणी सांगितलं म्हणून विचारावं तर कुणीच नाही. झाडू कुठं ठेवतात ते तिनं रात्रीच हेरून ठेवलेलं असतं. दुपारी सगळ्या जेवून उठेपर्यंत दाराशी उभी राहते. ताट हातात दिलं तर मोरीजवळचा कोपरा गाठते. पोळी अर्धी पोटात, अर्धी ओढणीत.

ठाणे जिल्ह्यातल्या मुलींच्या एका बालगृहात मी समुपदेशक म्हणून काम करते. संस्थेचं नाव देत नाही. मुलींची तर देणारच नाही. बाल न्याय कायद्याचं कलम 74 ते देऊ देत नाही, आणि ते कलम नसतं तरी दिली नसती. आमच्याकडे मुलींनीच एकमेकींना गावावरून हाका मारायची रीत पाडली आहे. ए मोखाडा, ए पेण, ए गुमला. एका गावच्या दोघी झाल्या की एक थोरली, एक धाकली. इथंही तेच चालवते, फक्त गावं इकडची तिकडं केली आहेत.

आमच्याकडे येणाऱ्या मुली एकाच रस्त्यानं येत नाहीत. कातकरी वाड्यांवरच्या मुली बहुतेक उचलीपायी आलेल्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीवाल्या शेठकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाडासकट भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाशी हिशेब झाला की शेठच्या वहीत पैसे उलटे आपल्याच अंगावर निघालेले पाहायचे. मग पुढच्या साली पुन्हा तीच भट्टी. मुलं या हिशेबात कुठंच नसतात, पण विटा उलथण्यात आणि वाहण्यात असतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976चा आहे. तरी 2022 साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी समाजाची दहा वर्षांची मुलगी मेंढ्या राखायला दिलेली होती, मरणाच्या दारात असताना तिला घरी आणून टाकलं आणि ती गेली, तेव्हा कुठं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे अशी आणखी किती पोरं आहेत याचा शोध सुरू झाला. थोडे पैसे आणि एखादी मेंढी, असा पोरामागं भाव होता.

दुसरा रस्ता झारखंडकडून येतो. गुमला, सिमडेगा, खुंटी या जिल्ह्यांतून. तिथं एजंट गावातलाच असतो, बहुतेकदा ओळखीचा, कधी तर आत्याच. मुलगी मोठ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये पोचते आणि तिचा पगार एजंटाच्या खात्यात. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला किंवा ढाब्यावर ठेवायला बंदी आहे. बालमजुरी कायद्याच्या 2016च्या दुरुस्तीनं चौदाच्या आत कुठलंच काम नको असं ठरलं, घरच्या धंद्यात शाळा सांभाळून हात लावण्यापुरती मोकळीक ठेवली. पण चौदा ते अठरा या वयात बंदी फक्त धोकादायक कामांना आहे आणि त्या यादीत घरकाम नाही. त्यामुळं पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत पोलिसांना बाल न्याय कायद्याचं कलम 79 शोधावं लागतं: मुलाला कामासाठी डांबून ठेवलं, किंवा त्याची कमाई दाबली, तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. कमाई दाबली हे सिद्ध करायचं तर कमाई किती ठरली होती ते मुलीला ठाऊक हवं. ते तिला कधीच ठाऊक नसतं.

आता माझी खोली. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर मुलींनी काढलेली वारली चित्रं. नवी मुलगी आत येते आणि खाली बसते. मी म्हणते, वर बस. ती वर बसते. कारण मी सांगितलं. इथंच ग्यानबाची मेख आहे. मी म्हणते, तुला वाटेल ते बोल, नको वाटलं तर नको बोलूस. तिला ऐकू येतं की या बाईंना काहीतरी हवं आहे आणि काय ते आपण ओळखायचं आहे. यात या मुली पटाईत असतात. मालकिणीच्या चपलांच्या आवाजावरून तिचा आजचा मूड ओळखून ज्यांनी वर्षं काढली त्यांना माझा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? झोप लागते? हो मॅडम. जेवण आवडतं? हो मॅडम. इथं बरं वाटतं? हो मॅडम. फाईल हो-हो-होनं भरत जाते. समुपदेशन म्हणून जे काही आम्ही शिकलो ते समोरचा माणूस नको म्हणू शकतो या गृहीतावर उभं आहे. जिची नको म्हणायची सवयच मोडून टाकलेली आहे तिच्या दृष्टीनं माझ्यासमोर बसून उत्तरं देणं ही या नव्या घरातली आणखी एक ड्यूटी असते, आणि ती ड्यूटी ती चोख करते.

यावर उपाय म्हणून सुटून आलेल्या मुलींनीच नव्या मुलींची सोबत करावी, ही कल्पना काही माझी नाही. नेपाळच्या पश्चिम तराईत, दांग, बर्दिया, कैलाली या भागात थारू समाजातल्या मुलींना माघीच्या सणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराला, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्यांच्या घरी कामाला द्यायची चाल होती. त्यांना कमलरी म्हणत. 27 जून 2013 रोजी नेपाळ सरकारनं ही प्रथा संपल्याचं जाहीर केलं, पण ते काठमांडूच्या रस्त्यावर आंदोलन करताना पोरींनी मार खाल्ल्यावर. लहानपण कमलरी म्हणून काढलेल्या शांता चौधरी त्याआधी 2008च्या संविधान सभेत जाऊन बसल्या होत्या. हे सारं वाचताना एक गोष्ट मनात राहून गेली: आधी सुटलेल्या मुली संघटना करून मागं राहिलेल्यांना सोडवायला स्वतःच गावोगाव फिरल्या. आमच्याकडे मात्र सुरुवात कुठल्या प्रकल्प-प्रस्तावानं झाली नाही. मेथीनं झाली.

थोरली मोखाडा तेव्हा बारावीत होती. लहान असताना एका उपनगरातल्या फ्लॅटमधून सुटून आलेली, अठरा पुरी झाल्यावर अनुरक्षण योजनेत गेलेली, पण दुपारी आमच्याकडे यायची ती यायचीच. गुमला नवी होती, चौदाच्या आसपासची. काम करायची, बोलायची नाही. त्या दिवशी व्हरांड्यात मेथीच्या जुड्यांचा ढीग पडलेला आणि दोघी निवडायला बसलेल्या. मी पलीकडे हजेरीचं रजिस्टर भरत होते. बोलणं हिंदीत, पण मोखाड्याची हिंदी अर्धी मराठीच.

"झोपायचीस कुठं?"

"किचनमध्ये."

"ओट्याखाली की फ्रिजजवळ?"

गुमलानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच कुणाकडे तरी तिनं असं थेट पाहिलं असेल. "फ्रिजजवळ."

"ते बरं. मागच्या बाजूनं ऊब येते थंडीची."

"आवाज येतो पण."

"येतो ना. मधेच बंद पडतो तेव्हा जाग येते."

मेथीची पानं खुडली जात होती. मोखाड्यानं मग पगार कुणाच्या हातात जायचा ते विचारलं, बाहेरून कुलूप असायचं का विचारलं, उरलेलं अन्न त्याच दिवशी मिळायचं की दुसऱ्या दिवशी तेही विचारलं. अगदी सहज, बस किती वाजता सुटते असं विचारावं तसं. गुमला एकेका शब्दानं उत्तर देत होती. मग मोखाडा म्हणाली, "लेकरू होतं का घरात?"

बराच वेळ काही नाही. मग, "होतं."

"नाव काय त्याचं?"

गुमलानं नाव सांगितलं आणि तिचा बांध फुटला. मेथी मांडीवरून खाली सांडली. मी उठायला लागले तर मोखाड्यानं हातानंच बसा म्हणून खुणावलं.

आमच्या फॉर्मात कामाचे तास आहेत, मारहाण आहे, उपासमार आहे, लैंगिक छळाचा वेगळा रकाना आहे. बाळाचा रकाना नाही. जिथून मुलीला सोडवलं ते घर कागदावर गुन्ह्याची जागा असतं, आणि ते असतंही. पण त्या घरातलं दहा महिन्यांचं मूल या मुलीच्या कडेवर वाढत होतं. त्याला आंघोळ हिची, भरवणं हिचं, रात्री उठणं हिचं. पोलीस आले तेव्हाही ते हिच्याच कडेवर होतं आणि कुणीतरी ते ओढून घेतलं. बालकल्याण समितीपुढं ती तोंड उघडत नव्हती, फायलीत 'मालकाची भीती' असं नोंदलेलं होतं. खरी गोष्ट अशी की मॅडमला तुरुंगात टाकलं तर बाळाला दूध कोण देईल, ही तिची काळजी होती. चटक्याचे डाग हातावर असताना.

मोखाड्यानं तिला समजावलं नाही. ते लोक वाईट होते, तू लहान आहेस, असं काहीही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्याकडचीला दोन दात आले होते. आता शाळेत जात असेल." आणि सांडलेली पानं गोळा करायला लागली.

या प्रसंगानंतर आम्ही ही गोष्ट जरा बांधून घ्यायचं ठरवलं. सोबतीण हा शब्द मुलींनीच काढला. सरकारी पत्रव्यवहारात आम्ही 'समवयस्क समुपदेशक' लिहितो आणि तो शब्द वाचून मुली हसतात. शिकवायचं म्हणजे काय शिकवायचं, हा प्रश्न होता. मला जे येतं ते त्यांना शिकवलं तर माझ्याच छोट्या आवृत्त्या तयार झाल्या असत्या, खाली बसणाऱ्या मुलीला वर बस म्हणणाऱ्या. म्हणून उलट क्रमानं गेलो. मोखाड्यानं मेथीजवळ जे केलं ते काय होतं हे आधी आठवून बघितलं. हाताला काम असलं की डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही, म्हणून बोलणं नेहमी काहीतरी करता करता. मेथी, वाटाणे, फणीनं उवा काढणं, वेण्या. पहिले प्रश्न जागेचे आणि वस्तूंचे विचारायचे, मनाचे नाहीत. कसं वाटत होतं हा प्रश्न तर बंदच. मारलं का, अंगाला हात लावला का, हे सोबतिणीनं विचारायचंच नाही.

पण समोरचीनं आपणहून सांगितलं तर? पॉक्सो कायद्याचं कलम 19 स्पष्ट आहे, लैंगिक गुन्हा कळला की पोलिसांना कळवायलाच हवं. तेव्हा 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द सोबतिणीनं कधीच द्यायचा नाही. हे मी सांगितल्यावर मोखाड्यानं विचारलं, "मग ती मला सांगेलच कशाला?" पाठ्यपुस्तकात याचं उत्तर आहे, पण ते त्या खोलीत चाललं नसतं. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी मुलींनीच वाक्य बसवलं: "काही गोष्टी मी पोटात ठेवीन. काही ठेवता यायच्या नाहीत. त्या कुठल्या ते आधीच सांगते, मग तू ठरव." मी ते वाक्य आता माझ्या खोलीतही वापरते. माझ्या तोंडून त्याला तेवढं वजन येत नाही, पण वापरते.

सगळं असं गोड चाललं नाही. सुरुवातीला दुःखाची चढाओढ लागायची. मला इस्त्रीचा चटका दिला. हॅ, मला तर दोनदा दिला. नवी मुलगी मधल्यामधे ऐकत बसलेली. म्हणून स्वतःची कहाणी विचारल्याशिवाय सांगायची नाही असं ठरलं, आणि विचारलं तरी एका वाक्यात.

त्याहून अवघड गोष्ट पेणच्या निमित्तानं पुढं आली. पेण सोळाची, भट्टीवरून आलेली, आवाज खणखणीत, सगळ्यांत लोकप्रिय. तिच्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी सोबतीला दिली. थोड्याच दिवसांत दिसायला लागलं की पेणचा युनिफॉर्म ती धाकटी धुते, पेणची बादली तीच भरते, पेणचं ताटही तीच उचलते. पेणला विचारलं तर ती खरंखुरं गोंधळली. "मी कुठं सांगितलं? ती आपण होऊन करते." आणि तेही खरंच होतं. आपल्यापेक्षा मोठी कुणी आपल्याशी बरी वागते म्हटल्यावर तिची सेवा करायची, याखेरीज दुसरं नातं धाकटीला माहीत नव्हतं; आणि पेणनंही मोठेपण पाहिलं होतं ते मुकादमाचं आणि शेठाणीचं. मग नियम आला की सोबतिणीनं समोरचीकडून पाण्याचा पेलासुद्धा घ्यायचा नाही. पेण चिडली. म्हणाली, "मग तिनं माझ्यावर माया करायची कशी?"

मला उत्तर सुचलं नाही. जिला माया फक्त राबूनच दाखवता येते तिचे हात बांधले तर ती काय करणार, हा प्रश्न पेणला पडला आणि आम्हा शिकलेल्या बायांना पडला नाही. शेवटी तोड निघाली ती अशी: वेणी घालू दे, पण तिची घातलीस तरच. त्याच दिवशी. उधारी नाही.

पेणमुळं आणखी एक भ्रम गेला. सारखं सोसलेलं असलं की सारखं कळतं, असं आपण धरून चालतो. अशा कामाच्या अहवालांत तर ते वाक्य छापूनच येतं. पेण भट्टीवर राबली, पण रात्री आईच्या कुशीत झोपली. आजूबाजूला आपलीच माणसं, आपलीच बोली, कधी लग्न, कधी नाच. तिला गुमलाचं एकटेपण कळेचना. "फ्लॅटात पंखा होता ना? आणि पोळी?" असं ती एकदा तोंडावर बोलून गेली. उलट मोखाड्याला भट्टीवरच्या मुलींचा आईबापांवरचा जीव कळायचा नाही. तिला तिच्या आईनंच एजंटाच्या हातात दिलं होतं आणि आई भेटायला आली की ती बिस्किटांचा पुडा तिच्या हातात ठेवून पाच मिनिटांत आत निघून यायची. तेव्हा सोसणं हीच लायकी असं मी आता मानत नाही. ओट्याखाली की फ्रिजजवळ हे विचारता येणं आणि उत्तर आल्यावर गप्प बसता येणं, ही लायकी. पहिलं अनुभवानं येतं. दुसरं सगळ्यांना येत नाही, मोठ्या पदव्या घेतलेल्यांनाही.

एका बाबतीत मात्र सोबतिणींच्या अनुभवाला तोड नाही, ती म्हणजे पैशाची. वेठबिगारीतून सुटल्याचं प्रमाणपत्र प्रांताधिकाऱ्यांकडून मिळालं की 2016च्या, पुढं सुधारलेल्या केंद्रीय योजनेप्रमाणे लहान मुलाला दोन लाख रुपये पुनर्वसनासाठी मिळायचे असतात. त्यातली तातडीची मदत तीस हजारांपर्यंत लवकर मिळू शकते, मोठी रक्कम मालकाला शिक्षा झाल्यावर. खटले कसे चालतात ते सर्वांना माहीत आहे. प्रत्येक मुलगी मला विचारते, पैसे कधी येणार? मी पाठपुरावा चालू आहे म्हणते, आणि चालू असतोही. पेण म्हणते, "माझं प्रमाणपत्र बघ, लॅमिनेट करून ट्रंकेत ठेवलंय. मोठे पैसे अजून नाही आले. आले तर आले. तू तोवर शिवण शीक." माझ्या तोंडून हे गेलं असतं तर मुलींनी मला ढोंगी म्हटलं असतं आणि ते बरोबरच झालं असतं.

आता पैशाचा विषय निघालाच आहे तर मूळ मुद्द्याकडे येते.

सोबतिणींचं काम चांगलं चाललंय म्हटल्यावर ते सगळ्यांना आवडू लागलं. रात्री कुणी किंचाळून उठली की काळजीवाहक बाई मोखाड्याला फोन करायच्या. नवी मुलगी जेवत नाही, बोलवा मोखाड्याला. पाहुणे आले, मोखाड्याला जरा बोलायला सांगा. परीक्षा तोंडावर आलेली, आणि ती येत होती, कारण बोलावलं की जायचं हे तिच्या अंगात भिनलेलं. गुमलाच्या रडण्यानंतर तिला स्वतःला कित्येक रात्री झोप लागत नव्हती हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. त्या दुसऱ्या बाळाची आठवण तिनं वर्षानुवर्षं दाबून ठेवली होती.

मी संस्थेच्या बैठकीत मानधनाचा विषय मांडला. संस्थेच्या समितीवरचे एक ज्येष्ठ सदस्य, मनानं खरोखर चांगले, देणग्या मिळवून देणारे, त्यांना ते रुचलं नाही. यात सेवाभाव आहे, म्हणाले, पैसे आले की भावना जाते. आणि या मुली काय परक्या आहेत, आपल्या घरच्याच तर आहेत.

मी शक्यतो बैठकीत आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. कारण आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलीच्या जबाबात ते वाक्य आहे. आम्ही तिला घरच्यासारखीच ठेवली होती. मालकीण सांगते, मालक सांगतो, शेजारी साक्ष देतात. घरची म्हणून पगार नाही, घरची म्हणून सुट्टी नाही, घरची म्हणून रात्री बारालाही चहा. बारा वर्षांच्या पोरीकडून फुकट भांडी घासून घेणं गुन्हा आणि एकोणीस वर्षांच्या तिच्याचकडून फुकट दुसऱ्यांचं रडणं पुसून घेणं सेवा, हे माझ्या गळी उतरत नाही. तिला घरकामातून सोडवून आपण मनकामाला लावलं, एवढाच फरक. समुपदेशकाला, म्हणजे मला, दरमहा पगार मिळतो. माझा सेवाभाव त्यामुळं आटल्याचं अजून कुणी म्हटलेलं नाही.

बैठक लांबली. चहा दोनदा आला. एका वकीलबाईंनी बरोबर मुद्दा काढला की अठराच्या आतल्या मुलींना संस्थेनंच कामाला लावलं असं दिसता कामा नये. ते पटण्यासारखंच होतं. तेव्हा असं ठरलं: अठरा पूर्ण झालेल्या सोबतिणीला दरमहा मानधन, तिच्याच बँक खात्यात. आठवड्यातल्या दोन दुपारी, बाकी वेळी फोन नाही. परीक्षेच्या महिन्यात पूर्ण सुट्टी. आज नको म्हणायचा हक्क, कारण विचारायचं नाही. आणि दर आठवड्याला एक तास तिचं ऐकून घ्यायला बाहेरची व्यक्ती, मी नाही, कारण मी तिची साहेब झाले. अठराच्या आतल्या मुलींनी नेमून दिलेलं सोबतीचं काम करायचं नाही. बाल न्याय कायद्याच्या 2016च्या आदर्श नियमांप्रमाणे प्रत्येक बालगृहात मुलांच्या समित्या असाव्या लागतात. आमच्याकडे त्या फळ्यावर नावं लिहिण्यापुरत्या होत्या. त्या जाग्या केल्या आणि नव्या मुलीला घर दाखवणं, पाळ्या समजावणं एवढं त्यांच्याकडे दिलं. पेण आणखी चिडली, कारण तिची सोबत काढून घेतली. तिला समजावायला मोखाड्याला पाठवावं असा मोह झाला. नाही पाठवलं.

'आज नको' हा हक्क मोखाड्यानं बरेच दिवस वापरलाच नाही. हक्क दिला म्हणजे तो वापरता येतो असं थोडंच आहे? ती यायची, ताप असला तरी यायची. शेवटी बाहेरून येणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं, या महिन्यात एकदा तरी नको म्हणायचंच, हा तुझा अभ्यास. तिनं एका गुरुवारी फोन केला, "आज नको," आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी परत केला, "ताई, रागावला नाहीत ना?" नंतर नंतर दुसरा फोन येईनासा झाला.

गुमलाचं मात्र निराळंच. आमच्या दारात तक्रारपेटी आहे, महिन्याला उघडतो. बहुतेक चिठ्ठ्या भाजीत मीठ कमी आणि टीव्हीच्या रिमोटच्या भांडणाच्या. एका महिन्यात एक चिठ्ठी निघाली, नुकतंच लिहायला शिकलेल्या हातानं लिहिलेली, हिंदीत. मोखाडा दीदी खूप प्रश्न विचारते. मला बाळाबद्दल आता बोलायचं नाही. मला दुसरी दीदी पाहिजे. खाली नाव, पूर्ण, आडनावासकट.

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या खोलीत जिच्याकडून हो मॅडमशिवाय काही निघालं नव्हतं, तिनं मागणी केली होती, तीही लेखी, आणि आपल्यावर माया करणाऱ्या माणसाविरुद्ध. मोखाड्याला वाईट वाटलं. ती दोन दुपारी आली नाही. कारण विचारायचं नव्हतंच. तक्रार रजिस्टरला नोंदली, गुमलाला दुसरी सोबतीण दिली, तीही अठराच्या वरची. बाळाबद्दल गुमला नंतर कुणाशीच बोलली नाही असं नाही. समितीपुढं बोलली, स्वतः वेळ मागून. बाळाला कोण सांभाळतं ते आधी विचारलं आणि मग जबाब दिला. पुढं तिच्या जिल्ह्याच्या समितीकडे तिला सोपवण्याचा आदेश झाला आणि ती गेली. तिकडे पाठपुरावा करणारी संस्था आहे, महिन्याला त्यांचा फोन येतो. ती शाळेत जाते. कधी कधी जात नाही.

मोखाडा बारावी झाली आणि नर्सिंगच्या एएनएम कोर्सला लागली, होस्टेलवर. जाताना तिनं सांगितलं की सोबतिणीचं काम आता करणार नाही. निदान काही वर्षं कुणाचं काही ऐकायचं नाही, फक्त नाडी आणि बीपी. तिला अनुभवाचं प्रमाणपत्र द्यायचं ठरलं तेव्हा पदनाम काय घालावं यावर ऑफिसात पुन्हा खल झाला. स्वयंसेविका नको, असं तिनंच बजावलं. 'समवयस्क समुपदेशक, मानधनावर' असं छापून दिलं.

पेण मधल्या काळात अठराची झाली. तिच्यासाठी जागा होतीच. मुकादमाच्या हिशेबाची वही पाहिलेली पोर ती; रुजू होण्याआधी तिनं अधीक्षिकाबाईंसमोर एकच अट घातली. पैसे महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आणि कापले तर कशाचे कापले ते लेखी. अधीक्षिकाबाईंनी लेटरहेडवर तसं लिहून दिलं, आणि पेणनं त्याचीही झेरॉक्स मागितली.